जानेफळच्या दिव्याला हळदीचं बोट

जानेफळात बल्ब गेला की तो उकिरड्यावर जात नाही, आधी आशाबाईच्या ओसरीवर जातो. माणूस मेलेला बल्ब हातात घेऊन येतो, "पाय बरं आशाबाई, काही जीव हाये का यात," म्हणतो आणि बस म्हणायच्या आत बसतो. आशाबाई बल्ब कानाशी नेऊन हलवते, पांढरं झाकण चाकूच्या टोकानं टचकन उघडते आणि आत डोकावते. आत तिळाएवढ्या चिपांचं कडं असतं. जिच्यावर काळा ठिपका, ती चिप गेलेली. त्या कड्यात एकी अशी की एक रुसली तर बाकीच्याही उजेड देत नाहीत.

मग ती बल्बातली चकती काढून तव्यावर ठेवते. होय, तव्यावर. चकती तापून सोल्डर वितळलं की मेलेली चिप चिमट्यानं उचलायची आणि भंगारातल्या बल्बाची जिवंत चिप तिच्या जागी अलगद बसवायची. हा तवा अर्थातच वेगळा आहे आणि भाकरीचा वेगळा. पण तिच्या नवऱ्याचा, उकंडरावांचा, यावर सात वर्षांत विश्वास बसलेला नाही. भाकरीला जरा डाग पडला की ते ती खिडकीच्या उजेडात धरतात आणि विचारतात, "आजची कितीक वॅटची हाये वं?"

सात वर्षांपूर्वी बचत गटाच्या बायकांना मेहकरला तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. वीस जणी गेल्या होत्या. एकोणीस जणींनी प्रमाणपत्र भिंतीला टांगलं, आशाबाईनं सोल्डरिंग गन विकत घेतली. सातवी पास बाई, शेतात सोयाबीन आणि तूर, घरात म्हैस, आणि हिला वेड लागलं बल्बाचं. सुरुवातीला लोक हसले. मग त्यांचे बल्ब पेटले, तेव्हा हसणं थांबलं असं नाही, पण हसता हसता दुसरा बल्ब पुढं यायला लागला.

तिचा एक नेम मात्र सांगायलाच हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. दुरुस्त झालेला बल्ब देताना ती सोबत कागदाची इवलीशी पुडी देते. पुडीत ती मेलेली चिप. "हे गेलतं," असं म्हणून ती पुडी गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवते. त्या तिळाचं पुढं काय करायचं हे गिऱ्हाइकाला कळत नाही. काही जण वाटेत फेकतात, एका म्हाताऱ्यानं तर औषध समजून गिळायची तयारी केली होती. आशाबाईला त्याचं काही नाही. काय बिघडलं होतं ते दाखवल्याशिवाय वस्तू परत करायची नाही, बस्स.

तिची मुलगी काजल बुलढाण्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. यंदा फेब्रुवारीत ती एसटीतून उतरली ती पळतच घरी आली आणि चप्पल पायात असतानाच म्हणाली, "माय, आमी दिव्याच्या उजेडातून इंटरनेट पाठवून राह्यलो!"

"वायरीतून म्हन," आशाबाई म्हणाली.

"वायरीतून दिव्यापर्यंत. दिव्यातून खाली उजेडातून. दिवा एका सेकंदात लाखो वेळा चालू-बंद होते. आपल्या डोळ्याले कळतच नाई, आपल्याले वाटते लागलेलाच हाये. पन खाली एक पेटी ठेवली की तिच्या डोळ्याले कळते. एक अख्खा शिनिमा दीड-दोन मिनिटात उतरते, माय!"

दुसरी कुणी आई असती तर म्हणाली असती, बाई गं, आधी हातपाय धू. आशाबाई म्हणाली, "लाखो वेळा चालू-बंद केला तं बल्ब जळत कसा नाई?"

झालं. मायलेकी तिथंच ओसरीवर बसल्या. काजल सांगायला लागली की पांढरा दिवा खरं म्हणजे पांढरा नसतो, तर आशाबाईनं तिला हातानं थांबवलं. डब्यातली एक चिप घेतली, तिच्यावरचा सायीसारखा पिवळा थर नखानं खरवडला, बॅटरीला तारा टेकवल्या. चिप निळीशार पेटली.

"आतून निळाच असते तो," ती म्हणाली. "वरून पिवळ्याचा लेप देतेत, म्हून मिळून पांढरा दिसते. हे मले कोन सांगन? रोज पाहून राह्यले मी."

काजल बघतच राहिली. कॉलेजात या मुद्द्यावर यायला दोन तास लागले होते.

"मंग आता ऐक," ती म्हणाली. "तो निळा असते चपळ. चालू म्हटलं की चालू, बंद म्हटलं की बंद. पिवळा लेप असते सुस्त, बंद म्हटलं तरी उगंच रेंगाळते. निळा म्हंजे तू, माय. पिवळा म्हंजे बाबा. हाक मारली तं 'हाव, आलो' म्हनते अन् हाये तिथंच!"

खाटेवरून उकंडरावांचा आवाज आला, "मी ऐकून राह्यलो बरं."

"ऐकून राह्यले, पन उठले का?" आशाबाईनं विचारलं. उकंडरावांनी कूस बदलली.

म्हणून पेटीच्या डोळ्यावर निळी काच बसवतात, काजलनं सांगितलं. निळा तेवढा आत घ्यायचा, पिवळ्याला बाहेरच ठेवायचं. आणि पेटीला उलट काही पाठवायचं असेल तर ते टीव्हीच्या रिमोटसारख्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडानं वर जातं. आशाबाईला त्या रात्री झोप लागली नाही असं काही नाही, दिवसभर शेतात राबून आलेली बाई ती, आडवी होताच झोपली. पण सकाळी उठल्या उठल्या तिनं चुलीपुढंच विचारलं, "काजल, ते पेटी उघडायले भेटन का मले?"

तर गोष्ट अशी होती की कॉलेजात असा एकच संच तयार झाला होता. काजलचे विभागप्रमुख सुधाकर सर तो सहा महिन्यांसाठी एखाद्या गावच्या अभ्यासिकेत बसवून बघणार होते. नावं दोन होती, जानेफळ आणि सुलतानपूर. दोन्ही ठिकाणी पंचायतीत तारेनं इंटरनेट आलेलं होतं, दोन्ही ठिकाणी अभ्यासिका होती. सरांना काळजी एकच होती, बिघडलं तर काय? दर वेळी बुलढाण्याहून कोण धावणार? गावात देखभाल करणारं माणूस पाहिजे.

"मी म्हनलं सर, माझी आई आहे ना," काजलनं सांगितलं.

"मंग? सर काय म्हनले?"

"'बघू' म्हनले."

आशाबाईचे हात पिठात थांबले. या 'बघू'ला ती चांगलं ओळखत होती. सातवीनंतर पुढं शाळेत जाऊ का म्हणून तिनं विचारलं होतं, तेव्हा वडीलही 'बघू'च म्हणाले होते. तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची होती, आता पन्नाशीला आली, अजून कुणी बघितलेलं नाही.

आणि तेव्हाच तिला कळलं की आपल्याला ही पेटी पाहिजे. लुगडं पाहिजे, म्हैस पाहिजे, पोरीचं भलं व्हायला पाहिजे, असं तिनं पुष्कळदा मागितलं होतं, पण स्वतःच्या डोक्यासाठी काही मागितलं नव्हतं. आजवर हातात आलेला प्रत्येक दिवा तिनं दुरुस्त करून दुसऱ्याला परत दिला होता. हा एक दिवा तिच्याकडे राहणार होता. तो रोज उघडायचा, बघायचा, का चालतो ते समजून घ्यायचं. नुसत्या विचारानं तिला गुदगुल्या होत होत्या.

त्यात गंमत अशी की सुलतानपूरला तिची थोरली बहीण झुंबरबाई दिलेली. आशाबाई तिला बाई म्हणते. झुंबरबाईला बल्बातलं काही कळत नाही, पण धाकटीकडे एखादी वस्तू येणार आणि आपल्याकडे नाही, हे मात्र लगेच कळतं. तिनं फोनवर सांगून टाकलं, "आशे, आमच्या अभ्यासिकेले नवा रंग देल्ला हाये. तुमच्या तिथं पोपडे निंगून राह्यले, मी पाह्यलं. पेटी कुठं शोभन ते तूच सांग."

सरांनी शेवटी तोडगा काढला. गुरुवारी जानेफळला संच लावून दाखवायचा. सुलतानपूरच्या पंचायतीतून व्हिडिओवर समोरासमोर बोलणं जोडायचं आणि ते इथं दिव्याच्या उजेडातून एक तास न तुटता चालवायचं. चाललं तर संच जानेफळात राहील. नाही चाललं तर शुक्रवारी सुलतानपूरला जाईल.

बुधवारी संध्याकाळी सर आणि काजल यांनी दिवा छताला लावला, पेटी टेबलावर ठेवली, लॅपटॉप जोडला. दिव्याच्या उजेडातून सुलतानपूरशी बोलून बघितलं, छान चाललं. सर मुक्कामाला मेहकरला गेले. अभ्यासिकेची किल्ली आशाबाईकडे राहिली, कारण झाडलोट तीच करणार होती.

गुरुवारी सकाळी सातला तिनं खोली झाडली, पुसली, दारात रांगोळी काढली. मग घरून पूजेचं ताट आणलं. आता तुम्ही म्हणाल, एवढी बल्बातली जाणकार बाई, तिला पूजा कशाला सुचली? तर सुचणारच. त्या घरात नवीन वस्तू हळदकुंकवाशिवाय चालू झालेली नाही. पाण्याची मोटार, शिलाई मशीन, तुरीला मारायचा फवारणी पंप, सोल्डरिंग गनसुद्धा, सगळ्यांना बोटं लागलेली. मागच्या दसऱ्याला उकंडरावांच्या नव्या मोबाईललाही लागली, ती नेमकी कॅमेऱ्यावर. महिनाभर त्यांच्या फोटोतलं सगळं गाव कावीळ झाल्यासारखं दिसत होतं.

दिवा छताला, हात पोचेना. स्टूल घेतलं तर ते डुगडुगायला लागलं. मग तिनं इन्व्हर्टरला लावलं, बटणांच्या बोर्डाला लावलं, लॅपटॉपच्या पाठीला लावलं आणि शेवटी पेटीसमोर उभी राहिली. पेटी शाळेच्या कंपासपेटीपेक्षा थोडी मोठी. तिच्या वरच्या अंगाला रुपयाच्या नाण्याएवढा काचेचा गोल डोळा, छताकडे बघणारा. आशाबाईला तिचं फार कौतुक वाटलं. बाळाच्या कपाळाला लावावं तसं तिनं ओल्या हळदीचं बोट त्या गोल काचेवर टेकवलं आणि हलकेच फिरवलं. कुंकवाला तिथं जागा उरली नाही, म्हणून ते खाली पेटीच्या अंगाला लावलं. एक झेंडूचं फूल वाहिलं, नारळ ठेवला, हात जोडले. "माय, आज मले तोंडघशी पाडू नको," असं ती पेटीला म्हणाली.

अकराला अभ्यासिका भरली. उन्हाची तिरीप नको म्हणून खिडक्या ओढून घेतल्या होत्या. माणसं माना वर करून दिव्याकडे बघत होती. एका आजोबांनी उजेडातून काहीबाही डोक्यावर पडेल म्हणून टोपी घट्ट केली. सरपंच चार शब्द बोलतो म्हणाले आणि चारशे बोलले. सुधाकर सर आले, पूजा मांडलेली बघून त्यांनी चप्पल दाराबाहेर काढली, पेटीला नमस्कार केला, नारळ तेवढा अदबीनं बाजूला सरकवला. काजलला तर घरातल्या प्रत्येक वस्तूवर पिवळे-लाल ठिपके बघायची जन्माची सवय, तिची नजर त्यावर थांबलीसुद्धा नाही. थोडक्यात, हळद सगळ्यांनी बघितली आणि कुणालाच दिसली नाही.

काजलनं बटण दाबलं. दिवा लागला. दिवा लागला की हात जोडायचे, हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. पन्नास माणसांनी एकदम हात जोडले आणि सगळे लॅपटॉपकडे वळले.

लॅपटॉपवर एक गोल कडं फिरत होतं. ते फिरत राहिलं.

"येईल, येईल," सर म्हणाले.

नाही आलं. काजलनं लॅपटॉप बंद करून चालू केला. पेटीची वायर काढून पुन्हा लावली. मग दुसरी वायर लावली. सरांनी उजेड मोजायचं छोटं यंत्र पेटीशेजारी धरलं. उजेड भरपूर होता. पंचायतीतलं इंटरनेट तपासलं, तेही दिव्यापर्यंत ठणठणीत पोचत होतं. "उजेड येतोय, पण त्यातून काहीच येत नाही," असं सर स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी घड्याळ बघितलं. काजलच्या कपाळावर घाम. आशाबाईच्या त्याहून जास्त. ती पदरानं पुन्हा पुन्हा कपाळ पुसत होती.

पाऊण तास गेला. मागची मंडळी कुजबुजायला लागली, पुढची जांभया द्यायला लागली. तेवढ्यात उकंडरावांचा फोन वाजला. त्यांना फोन नेहमी स्पीकरवरच घेता येतो, त्यामुळे झुंबरबाईचा आवाज अख्ख्या अभ्यासिकेनं ऐकला.

"दाजी, मी इकडं पंचायतीत केवढ्याची बसून राह्यले! नवं पातळ नेसून! चहा दोनदा झाला. तुमच्याकडं होत नसन तं पाठवून द्या ना पेटी इकडं. मले काही वाईट नाई वाटनार!"

लोक हसले. सरही हसले, पण त्यांनी पेटीच्या खोक्याचं झाकण हातात घेतलं, ते आशाबाईला दिसलं. "काजल, आपण उद्या सुलतानपूरला बघू," सर म्हणाले. पुन्हा तोच शब्द.

उकंडरावांनी काय करावं? बायकोची पडलेली मान त्यांना बघवेना आणि धीर देणं तर त्यांना कधीच जमलं नाही. त्यांनी मोबाईल वर धरून आशाबाईचा फोटो काढला आणि तो तिच्यापुढं धरून म्हणाले, "पाय बरं, निदान फोटो तं चांगले येऊन राह्यले आज. कोनी पिवळं नाई."

आशाबाई भडकून काहीतरी बोलणार होती. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. तिनं फोटोकडं बघितलं. मग टेबलावरच्या पेटीकडं बघितलं. पेटीच्या डोळ्यात सुकलेलं पिवळं बोट तिच्याकडे बघत होतं.

पिवळ्याला बाहेर ठेवणारी निळी काच. आणि तिच्यावर आपण हळद लावली. हळद पिवळ्याला जाऊ देणार आणि निळ्याला अडवणार. निळा दारातच अडला आणि पिवळ्याला तर काच आत घेतच नाही. उजेड येतोय पण काहीच येत नाही, ते ह्याच्यामुळं. अर्धा क्षणसुद्धा लागला नाही तिला. बल्ब उघडल्यावर काळा ठिपका दिसावा, तसा दोष लख्ख दिसला.

दोष कुणाचा, तेही दिसलं. अभ्यासिकेची किल्ली कुणाकडं होती, हे पन्नास माणसांना ठाऊक होतं.

ती उठली. टेबलाजवळ गेली. पदराचं टोक तोंडात धरून ओलं केलं, पोराचं तोंड पुसतात तसं, आणि पेटीचा डोळा पुसला. एकदा, दोनदा. धूळ झटकावी इतक्या सहज.

"…अन् मी म्हनते सांगाच तुमी, होते का नाई होत!" लॅपटॉपमधून झुंबरबाई गरजली. तिचं तोंड पडदाभर आलं होतं, नथीतला मोती न् मोती दिसत होता, मागं सुलतानपूरची पंचायत, पंचायतीतला पंखा, पंख्यावरची धूळसुद्धा. अभ्यासिकेत एकच गलका झाला. टोपीवाल्या आजोबांनी टोपी उडवली. काजल आईच्या गळ्यात पडली, सर खोक्याचं झाकण हातात घेऊन तसेच टाळ्या वाजवायला लागले आणि त्यांच्या हातून ते झाकण सरपंचांच्या पायावर पडलं.

"झालं काय होतं?" सरांनी विचारलं.

"वायर ढिली असेल सर," काजल म्हणाली. "आईचा हात लागला आणि बसली."

सरांची एक वही होती. प्रत्येक बिघाड आणि त्याचं कारण ते त्यात लिहायचे. त्यांनी ती उघडली, पेन काढलं आणि लिहायला सुरुवात केली, 'सैल वायर'.

आशाबाई बघत होती. काही बोलायची गरज नव्हती. पेटी चालली होती, तासभर टिकली की संच जानेफळात राहणार होता. तोंड उघडलं तर सगळ्या गावापुढं काय ठरणार? देखभालीला ठेवलेली बाई पहिल्याच दिवशी यंत्राचा डोळा हळदीनं लिंपते. सर काय म्हणतील ते तिला ऐकू येत होतं. पण सर चुकीचं लिहीत होते. पुढं कधी अशी पेटी बंद पडली तर ते आयुष्यभर वायरीच चाचपत बसणार होते. बल्ब दुरुस्त करून दिला आणि पुडीत दुसऱ्याच बल्बाची चिप बांधून दिली, तसलं हे काम. तिच्या हातून ते होईना.

ती सरांपुढं गेली, पदराचं पिवळं झालेलं टोक तळहातावर ठेवलं आणि पुढं धरलं.

"हे गेलतं," ती म्हणाली.

सरांना कळलं नाही.

"वायर नाई सर. हळद होती. मीच लावली सकाळी, पूजेची. पिवळी हळद निळ्याले आत जाऊ देत नाई, अन् जे जाऊ देते ते तुमची काच घेत नाई. म्हून उजेड येत होता अन् बोलनं येत नव्हतं." मग आवाज अगदीच बारीक झाला. "चूक माझी हाये. पेटी न्यायची असन तं न्या. पन वहीत खरं लिवा."

लॅपटॉपमधली झुंबरबाईसुद्धा गप्प झाली, आणि हे सुलतानपूरच्या लोकांनी पहिल्यांदाच बघितलं असेल.

सरांनी पूजेच्या ताटातली ओली हळद बोटावर घेतली, अगरबत्तीच्या पुड्याचा पारदर्शक कागद सोडवला, त्यावर हळद पसरली आणि तो कागद पेटीच्या डोळ्यावर धरला. पडद्यावर झुंबरबाई तोंड उघडं टाकून थिजली. कागद काढला. झुंबरबाई हलली. कागद धरला. थिजली.

"अहो हे काय भन्नाट आहे!" सर ओरडले. बुलढाण्यात त्यांना इतक्या मोठ्यानं बोलताना काजलनं कधी ऐकलं नव्हतं. "निळ्यावर पिवळं! हे मी तिसऱ्या वर्षाला आलेख काढून शिकवतो आणि पोरं झोपतात!"

मग काय, सगळ्यांनाच करून बघायचं होतं. सरपंचांनी केलं. टोपीवाल्या आजोबांनी पाच वेळा केलं. बायांनी रांग लावली. सुलतानपूरहून झुंबरबाई तुकड्या-तुकड्यात ओरडत होती, "अरे कोन हाये… मले चालू-बंद… करून राह्यलं… मी काय बल्ब हाये का!" हसून हसून लोकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. एक तास न तुटता चालवायची अट होती, इथं तोडत-जोडत चांगले दोन तास गेले आणि घड्याळाकडे कुणी बघितलंच नाही.

आशाबाई मात्र हसत नव्हती. ती पदर मुठीत धरून उभी होती. तिला अजून उत्तर मिळालं नव्हतं.

"सर," ती म्हणाली, "मंग पेटीचं काय?"

सरांनी वहीतलं 'सैल वायर' खोडलं. त्याखाली लिहिलं, 'बिघाड: हळद. शोधणारी आणि सांगणारी: आशाबाई.' मग वही तिच्यापुढं धरली, वाचता यावी अशी.

"यंत्र बिघडणारच," ते म्हणाले. "मला बिघाड लपवणार नाही असं माणूस पाहिजे होतं. पेटी इथंच राहील, आशाबाई. उघडून बघा, हवी तेवढी. बंद पडली तर मला फोन करायचा, आणि काय झालं होतं ते तुम्ही मला सांगायचं."

आशाबाईनं वहीतली ती ओळ दोनदा वाचली. बघू म्हटलं नव्हतं त्यांनी. तिनं मान हलवली.

"आशे!" लॅपटॉपमधून हाक आली. झुंबरबाई पडद्याला नाक लावून बघत होती. आपल्याकडे पेटी येत नाही हे तिला कळलं होतं, तरी तिचे डोळे भरले होते, आणि तेही स्वच्छ दिसत होतं. "आशे, इकडं पाय. अवं, तुझ्या कपाळाले आज कुंकू काऊन नाई?"

आशाबाईचा हात कपाळाकडे गेला. सकाळचं कुंकू घामाबरोबर कधीच पदरात पुसलं गेलं होतं.

"सगळं मशीनलेच लावलं का तुनं?" झुंबरबाईनं विचारलं.

उकंडराव उठले. कुणी हाक न मारता उठले, हे काजलनं नंतर बुलढाण्यात सगळ्या मैत्रिणींना सांगितलं. त्यांनी टेबलावरचं पूजेचं ताट उचललं, लेकीच्या हातात दिलं आणि दुसरीकडंच बघत म्हणाले, "लाव तुझ्या मायले. सकाळपासून चुकीच्या जागी लागून राह्यलं ते."

काजलनं दिव्याखाली आईच्या कपाळाला हळदीचं बोट लावलं, त्याच्या खाली कुंकवाचं.

"हाव," सुलतानपूरहून झुंबरबाई म्हणाली, "आता बराबर दिसून राह्यलं."